डोक्यावरचा पदर

आजीचा पदर डोक्यावर गेला की आम्ही पोरं बोलायचं थांबायचो. चुलीपुढं भाकरी थापताना, विहिरीवर घागर काखेला लावण्याआधी, शेळी व्यायला झाली की तिच्याजवळ बसून, कुठंही, केव्हाही तिचा हात मागं जायचा, खांद्यावरचा पदर कपाळापर्यंत यायचा आणि ओठ हलू लागायचे. फार वेळ नाही. दहा-बारा श्वास. मग पदर पुन्हा खांद्यावर, आणि "हं, काय म्हनत होतीस?"

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि आमची वस्ती गावकुसाबाहेरची. वस्तीत दगडमातीची एकच मोठी खोली होती. आठवडाभर तिथं शाळा भरायची आणि रविवारी तेच आमचं चर्च. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. आमच्या घरात ख्रिस्त आला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आजीच्या सासऱ्यांच्या वेळी. आजीला अक्षर येत नव्हतं, पण भजनं तोंडपाठ होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते मोकळेपणानं सांगत. त्यांनी ओवी-अभंग आमच्या उपासनेत आणले, म्हणून आजीसारखीला देवाशी बोलायला जात्यावरची चाल मिळाली. विलायती चालींवरची गीतंही आमच्याकडे होती, पण ती आजीच्या तोंडी कधी आली नाहीत. जी दळताना म्हणता येतात तीच तिची.

रात्री वडील कंदिलाच्या उजेडात एक अध्याय वाचायचे आणि शेवटची प्रार्थना आजीची असायची. त्या प्रार्थनेत घरातल्या एकेकाचं नाव यायचं, मग शेजारच्यांचं, मग शेळीचं, मग ज्यांच्या शेतात उद्या खुरपणी त्यांचं. माझा डोळा लागायचा. जाग यायची ती "आमेन"ला.

१९७२ साली मी बारा वर्षांची होते. त्या दुष्काळाबद्दल नगरकडच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. विहिरी तळाला गेल्या, शेळी विकली, आणि आई-आजी दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. दुपारी मी मिलो ज्वारीची लाल भाकरी फडक्यात बांधून घेऊन जायचे. माळावर बायकांची लांबच लांब ओळ, पुढ्यात दगडांचे ढीग, हातोड्यांचा ठकठक आवाज, आणि ऊन इतकं की प्रत्येकीचा पदर डोक्यावर. मी आजीकडं बघत बसायचे आणि मला कोडं पडायचं, आता हिची प्रार्थना चालू झाली आणि संपली हे ओळखायचं कसं?

एकदा परतताना विचारलंच. "आजी, कामावर तू प्रार्थना कव्हा करतीस?"

ती चालतच राहिली. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, त्या दातानं सोडवत म्हणाली, "पदर खालीच येत न्हाई ना आता, पोरी. मंग चालूच हाय की."

मला वाटलं, थकलीय, काहीतरी बोलतेय.

पुढं १९७९ मध्ये मी एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंगला लागले. पांढरा गणवेश, कडक खळीची टोपी, ती बसवायला चार पिना. पहिल्याच महिन्यात एका बाईचं बाळ दगावलं आणि सवयीनं माझा हात मागं गेला. हाताला नुसती पिन लागली. पदरच नव्हता. इतकी वर्षं त्या कापडाच्या आधारानं प्रार्थना करत होते, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. डोकं झाकलं की दार लावल्यासारखं व्हायचं. आता सगळं उघड्यावर.

सकाळच्या प्रार्थनेत एकदा पाळकसाहेबांनी बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन घेतलं : "निरंतर प्रार्थना करा." थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय पाच, ओवी सतरा. एकोणीस वर्षांच्या मुलीनं ते जसंच्या तसं उचललं. निरंतर म्हणजे एक क्षणही न सोडता. मी ठरवलं की हात काम करोत, मन मात्र सतत देवाचा विचार करत राहील. मनात दोन दोरे धरायचे, एक कामाचा आणि एक प्रभूचा. हेच पत्र लिहिणारा पौल तंबू शिवून पोट भरायचा, आणि कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले हे त्यानं याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, लिहून ठेवलंय. त्याच्या "निरंतर"मध्ये सुई-दोरा, कातडं, गिऱ्हाईक, सगळं धरलेलं आहे. पण ही ओवी मला दिसली ती चाळिशीत.

त्याआधी ती रात्र आली. बायकांचा सर्जिकल वॉर्ड, बेड नंबर नऊ. वयस्क बाई, छातीचा जुना त्रास, दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं. पाचशे मिलिलिटरची सलाईन आठ तासांत द्यायची होती. आमच्या सेटला एका मिलिलिटरचे वीस थेंब पडायचे, म्हणजे मिनिटाला एकवीस थेंब. एप्रनला लावलेलं घड्याळ हातात धरून मी थेंब मोजत होते आणि त्याच वेळी मनात प्रार्थना म्हणत होते. दोन दोरे. मोजणं कुठं सुटलं आणि प्रार्थना कुठं आली, कळलं नाही. वाटलं की बरोबर लागलीय, आणि पुढच्या खाटेकडं गेले. तासाभरानं रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टर फेरीवर आल्या तेव्हा निम्मी बाटली रिकामी झाली होती आणि बाईंना धाप लागली होती.

सिस्टरनी आधी सलाईन बंद केली, बाईंना उठवून बसतं केलं, डॉक्टरांना बोलावलं. इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत श्वास जागेवर आला. बाई वाचल्या, हे लिहिताना आजही माझे हात थंड पडतात. सकाळी सिस्टरनी मला स्टोअरमध्ये बोलावलं आणि विचारलं, "लक्ष कुठं होतं?" मी खरं ते सांगितलं. मी प्रार्थना करत होते.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुझा देव त्या थेंबांपाशी नव्हता का गं? मग तू कुठं बघत होतीस?"

त्यानंतर कित्येक महिने मी ड्यूटीवर प्रार्थना केली नाही. भीती बसली होती. चॅपलमध्ये गुडघे टेकायचे, पण वॉर्डच्या दारात शिरताना देवाला बाहेर ठेवून शिरायचे. आणि तरीही, त्याच काळात मला जे मिळालं ते त्या रात्रपाळ्यांनीच दिलं.

रात्री तीनच्या सुमाराला नर्स टेबलाशी बसून रिपोर्ट लिहीत असते. दिवे मंद केलेले. वॉर्डात तीसएक माणसं झोपलेली. तिचं डोकं कागदात असतं, पण कान खाटांमधून फिरत असतो. कोण घोरतंय, कोण कण्हतंय, कोणाचा खोकला कोरडा, कोणाचा ओला, हे सगळं त्याच्यात जमा होत असतं. ती त्यांचा विचार करत नसते. विचाराल तर म्हणेल, मी रिपोर्ट लिहितेय. पण चौदा नंबरचा श्वास जरा बदलू दे, पेन टेबलावर आणि ही खाटेपाशी. तान्ह्या बाळाच्या आयांना हे सांगावं लागत नाही. आई गाढ झोपते, रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलत नाही, आणि पाळण्यातलं पोर नुसतं चाळवलं की उठून बसते. बायबलातल्या गीतरत्नात प्रेयसी म्हणते ना, मी झोपले होते पण माझं हृदय जागं होतं.

एका रात्री टेबलाशी बसल्या बसल्या हे माझ्या ध्यानात आलं आणि पेन थांबलं. देवाचं भान असंच असेल तर? माझ्या मनानं सतत त्याचा विचार करायला नको, माझा कान त्याच्याकडं उघडा राहिला म्हणजे झालं. मग थेंब मोजताना फक्त थेंब मोजायचे, अगदी एकवीसच्या एकवीस, कारण ते मोजण्यातच मी त्याच्या हाकेच्या अंतरावर आहे. माळावरचे दगड फोडताना आजीनं आणखी काय वेगळं केलं होतं?

तेव्हापासून मला एक जागा सापडली : हात धुण्याचं बेसिन. एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाताना हात धुवायचे, हा नियम. नळ सोडला की मी फक्त म्हणायचे, "प्रभू, आता बेड नंबर सहा." साबण फिरेपर्यंत सहा नंबरचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा. हात पुसले की प्रार्थना संपली. मग खाटेपाशी पोचल्यावर सगळं लक्ष त्या माणसावर. पाळीत पन्नास-साठ वेळा हात धुवायची वेळ यायची. निम्म्या वेळा विसरायचे. नुसतेच हात धुऊन निघून जायचे, आणि दोन पेशंट झाल्यावर आठवायचं. पूर्वी अशा विसरण्याचं मला फार लागायचं, अर्धा दिवस स्वतःला बोल लावण्यात जायचा. हळूहळू समजलं की स्वतःला बोल लावत बसणं हेही त्याच्याकडं पाठ करूनच होतं. आठवलं ना? मग वळ. नळ समोरच आहे.

हे असं वळत राहायला मला ज्यानं शिकवलं तो माणूस सतराव्या शतकातला, फ्रान्समधला. ब्रदर लॉरेन्स. पाळकसाहेबांनीच एकदा त्याची गोष्ट सांगितली. मूळचा लोरेन प्रांतातला, गरीब घरातला, लढाईत पायाला जखम होऊन लंगडा झालेला. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड बघून त्याच्या मनात आलं की काही दिवसांनी याला पानं फुटतील, फुलं येतील, फळं धरतील. आणि त्या एका दर्शनानं तो देवाकडं वळला. पुढं पॅरिसच्या कार्मेल मठात त्याला स्वयंपाकघरात टाकलं. स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती. पंधराएक वर्षं त्यानं तेच काम केलं, नंतर मठातल्या बांधवांची पायताणं दुरुस्त करत बसला. १६९१ मध्ये तो वारला, आणि मगच त्याची पत्रं आणि संभाषणं छापली गेली.

भांड्यांच्या खणखणाटातही त्याला देव तितकाच जवळ होता जितका वेदीपुढं गुडघे टेकल्यावर, एवढंच लोक त्याच्याबद्दल सांगतात. सांगावं, ते खरंच आहे. पण त्यानंच हेही सांगून ठेवलंय की पहिली दहा वर्षं फार जड गेली. दहा वर्षं! आपण दहा दिवसांत कंटाळतो. आणि चूक झाली की तो काय करायचा, तर देवाला म्हणायचा, तू मला माझ्यावर सोडलंस तर मी असाच वागणार; आणि त्यावर आणखी न रेंगाळता पुन्हा कामाला लागायचा. दहा वर्षं विसरत, वळत, विसरत, वळत काढलेल्या माणसाच्या तोंडी ते खणखणाटाचं वाक्य येतं. त्या दहा वर्षांशिवाय ते वाक्य घेता येत नाही, असं मला वाटतं.

आमच्या जवळचंच उदाहरण द्यायचं तर केडगावचं. शिकत असताना आम्ही मुली तिथं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथं बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. छपाईचे खिळे जुळवले, कागद छापले ते मुक्तीतल्याच बायकांनी. ज्यांना कुठंच थारा नव्हता अशा कितीतरी बायका त्यांत होत्या. मला तिथं उभं राहून रमाबाईंपेक्षा त्या खिळे जुळवणाऱ्यांचाच विचार येत राहिला. शिशाचं एकेक अक्षर उलटं धरून ओळीत बसवायचं. नजर जरा हलली की चूक. त्या बोटांची प्रार्थना कशी असेल?

इथं एक गोष्ट मात्र मला जोर देऊन सांगायची आहे, कारण उलटं ऐकून ऐकून मी थकलेय. "काम हीच आमची प्रार्थना, वेगळं बसायची काय गरज?" असं चांगली चांगली माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. टेबलाशी बसलेल्या नर्सचा कान आपोआप तयार होत नाही. पाळी सुरू होताना ती खाटेखाटेपाशी जाते, नाव विचारते, नाडी बघते, चार्ट वाचते. ती फेरी झाली म्हणूनच रात्री अंधारात तिला कळतं की हा खोकला कोणाचा. फेरी चुकवलेल्या नर्सला रात्रभर नुसते आवाज ऐकू येतात. गुडघे टेकून, दुसरं काहीही न करता, देवापुढं बसायची वेळ ही आमची फेरी. खुद्द प्रभूचं बघा. मार्काच्या पहिल्याच अध्यायात सूर्य मावळल्यावर सगळं गाव आजारी माणसं घेऊन दाराशी गोळा झालंय, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकटा रानात प्रार्थनेला गेलाय. त्याला गरज होती, आणि आपल्याला नाही?

मी पहाटे पाचला उठते. एक स्तोत्र मोठ्यानं वाचते. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर मन निसटतं, आवाज काढला की जिभेला तरी तिथं थांबावं लागतं. मग श्वासाबरोबर ती जुनी छोटी प्रार्थना : आत घेताना "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा", सोडताना "मज पापिणीवर दया कर." पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले साधू शतकानुशतकं ही प्रार्थना करत आलेत. आयुष्यभर लोकांचे श्वास मोजले, मिनिटाला सोळा, अठरा, बावीस. स्वतःचा श्वास कशासाठी आहे ते या प्रार्थनेनं उशिरा सांगितलं. फ्रँक लॉबाख नावाच्या मिशनऱ्यांनी १९३० मध्ये फिलिपिन्समध्ये दर काही सेकंदांनी देव आठवायचा असा प्रयोग केला होता. त्यांना त्यातून पुष्कळ मिळालं असणार. मी आठवडाभर करून सोडला. मोजदादीशी माझं जुनं दुखणं आहे.

आता जे लिहायचं ते लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली.

२०१८ मध्ये मी निवृत्त झाले. तीन वर्षांनी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही. चर्चमध्ये ज्यांच्या आवाजावर लोक भजन उचलायचे त्या माणसाला आता "पाणी" म्हणता येत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. चाळीस वर्षं लोकांची केली, तेव्हा हात तयार होते. मन तयार नव्हतं. पहिले सहा-सात महिने माझी प्रार्थना पार आटली. पाचला उठायचे, स्तोत्र उघडायचे, आणि ओळी कोरड्या दगडासारख्या दिसायच्या. बेसिनपाशी नळ सोडायचे आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. ज्या बाईनं पुढच्या पिढीतल्या किती मुलींना प्रार्थनेवर बोलून दाखवलं होतं, तिला "हे पित्या"च्या पुढं जाता येईना. पाळकसाहेब घरी येत, सलाम करून बसत, प्रार्थना करत. मी "आमेन" म्हणायचे. तेवढंच.

पौल रोमकरांना लिहितो की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं मला चांगलं ठाऊक होतं. रात्री तीन वाजता वॉर्डात ऐकू यायचं ते. त्यात शब्द नसतात आणि नर्सला सगळं कळतं.

आणि मग एकशे एकविसावं स्तोत्र. आजीचं ते पाठ होतं. मी माझी दृष्टी डोंगरांकडं लावतो, असं सुरू होणारं. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं, म्हटलेलं. एका रात्री ह्यांची कूस बदलून मी खाटेच्या कडेला बसले होते, इतकी दमलेली की परत आपल्या अंथरुणापर्यंत जाववेना, आणि चौथी ओवी आपसूक वर आली : जो राखणारा आहे तो डुलकी घेत नाही, झोपत नाही.

मी तशीच बसून राहिले. म्हणजे रात्रपाळीवर तो आहे. चाळीस वर्षं मी समजत होते की मी टेबलाशी बसलेय आणि माझा कान त्याच्याकडं उघडा ठेवायचाय. त्या रात्री मी खाटेवरची होते. मी विसरले, झोपले, कण्हले, गप्प पडून राहिले, तरी अंधारात कोणीतरी माझा श्वास ऐकत होतं, आणि तो बदलला की उठत होतं. मला रडू आलं. ह्यांनी डोळे उघडून बघितलं.

प्रार्थना एकदम परत आली असं नाही. थोडी थोडी येतेय. कधी बेसिनपाशी "प्रभू, आता हे", एवढंच. कधी तेही नाही.

काल रात्री दोनला गजर न लावताच जाग आली. रात्री मी गाऊनवर एक जुनी सुती ओढणी घेऊन झोपते. ह्यांना डाव्या कुशीवर वळवायला वाकले, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ओढणी घसरून त्यांच्या छातीवर पडली. उशी पाठीशी लावली, चादर सारखी केली. तेवढ्यात ह्यांनी चांगला हात उचलला, चाचपडत ओढणीचं टोक धरलं आणि वर, माझ्या डोक्याकडं सारलं. एकदा निसटलं. पुन्हा धरलं. मी डोकं खाली आणलं, त्यांचा हात पोचेल इतकं.